शिकागोच्या पश्चिम उपनगरांतल्या मराठी मंडळींना खुलं पत्र: ट्रेन 'रिकामी' कशी होते

प्रिय मंडळी,

सप्रेम नमस्कार.

ऑक्टोबर 2025 च्या अखेरीस इलिनॉयच्या विधिमंडळाने शिकागो आणि आसपासच्या उपनगरांच्या सार्वजनिक वाहतुकीसाठीचा कायदा मंजूर केला. तेव्हापासून आपल्याकडे एक चर्चा काही केल्या थांबत नाही. भिशीला तीच, सत्यनारायणाच्या प्रसादाला तीच, मुलांना मराठी शाळेत सोडून पार्किंगमध्ये दोन मिनिटं उभं राहिलं तरी तीच. त्या खर्चासाठी सेल्स टॅक्स पाव टक्क्याने वाढणार म्हटल्यावर कपाळाला आठ्या पडणं साहजिक आहे. पण त्यापाठोपाठ एक वाक्य हमखास येतं: 'या ट्रेन रिकाम्या धावतात, मग आपण त्यांचा खर्च का उचलायचा?'

हे म्हणणारे माझेच मित्र आहेत. त्यातले काही तर हिशेबाला माझ्यापेक्षा कितीतरी पक्के. म्हणून व्हॉट्सअॅपवर तावातावाने दोन ओळी खरडण्यापेक्षा सविस्तर लिहायचं ठरवलं. लांबण लागेल, तेव्हा चहा घेऊनच बसा.

मला तुम्हाला एका रेल्वेची गोष्ट सांगायची आहे, आणि ती तुमच्या घराच्या मागूनच जायची. एल्महर्स्ट, व्हिला पार्क, लोम्बार्ड, ग्लेन एलिन, व्हीटन या गावांत राहणाऱ्यांपैकी इलिनॉय प्रेअरी पाथ ठाऊक नाही असा माणूस शोधून सापडायचा नाही. बारीक खडी अंथरलेली ती वाट. सकाळी धावणारे, सायकलवाले, आणि पुण्या-नाशिकहून सहा महिन्यांसाठी आलेले, पायात पांढरे शूज आणि डोक्यावर कानटोपी घातलेले आपले आईवडील या वाटेवर रोज भेटतात. ही वाट इतकी सरळ आणि इतकी सपाट का, याचा विचार फारसा कोणी करत नाही. पायी चालणाऱ्यासाठी इतकी सरळ वाट कोणी आखत नाही. ती आखली होती विजेवर धावणाऱ्या ट्रेनसाठी.

त्या रेल्वेचं नाव शिकागो, ऑरोरा अँड एल्गिन. 1902 मध्ये ती सुरू झाली. एका शहरातून दुसऱ्या शहरात विजेवर धावणाऱ्या अशा रेल्वेला इथे 'इंटरअर्बन' म्हणत. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकेच्या मध्यपश्चिमेत यांचं पेवच फुटलं होतं. बहुतेक इंटरअर्बन म्हणजे ट्रामची थोरली बहीण: रस्त्याच्या कडेने, डोक्यावरच्या तारेवरून वीज घेत रमतगमत जाणाऱ्या. आपली मात्र वेगळ्या घडणीची होती. तिची वीज मुख्यतः रुळांशेजारी टाकलेल्या तिसऱ्या रुळातून यायची, 600 व्होल्ट डीसी. वीजघर होतं बटेव्हियाला, फॉक्स नदीच्या काठी. डब्याच्या बाजूला लोखंडी बूट असायचा, तो या तिसऱ्या रुळावरून घासत जायचा. आज प्रेअरी पाथवर जिथे जिथे तुम्ही रस्ता ओलांडायला थांबता, तिथे तिथे हा तिसरा रूळ तोडलेला असायचा. नाहीतर रस्ता ओलांडणाऱ्या माणसाची किंवा गुराची काही खैर नव्हती. ट्रेन आपल्या वेगाच्या जोरावर तेवढं अंतर कापायची आणि पलीकडे बूट पुन्हा रुळावर चढायचा. हिवाळ्यात रुळावर बर्फाचा पापुद्रा धरला की ठिणग्यांची आतषबाजी. लोक तिला लाडाने 'रोअरिंग एल्गिन' म्हणत, कारण ती येत असल्याचं कानांना आधी कळायचं.

शिकागोजवळच्या फॉरेस्ट पार्क या उपनगराकडून येणारा मुख्य मार्ग व्हीटनपर्यंत. तिथे कारशेड आणि वर्कशॉप. व्हीटनपासून फाटे फुटायचे, एक ऑरोराला, एक एल्गिनला. बटेव्हियालाही फाटा होता, आणि जिनिव्हा–सेंट चार्ल्सचा फाटा 1937 मध्येच बंद पडला होता. व्हिला पार्कमध्ये तिची दोन स्टेशनं अजून उभी आहेत. त्यातल्या व्हिला अॅव्हेन्यूच्या स्टेशनात गावाचं छोटं संग्रहालय आहे. जवळच ओव्हल्टिनचा, म्हणजे दुधात घालायच्या पावडरीचा, जुना कारखाना होता, आता तिथे लोक राहतात. मुलांना घेऊन एकदा जरूर जा. आपल्यापैकी निम्म्या लोकांनी लहानपणी आईच्या धाकाने दुधातून असलंच काहीतरी प्यायलेलं आहे.

आता मुद्द्याकडे येतो. पहिली तीन वर्षं ही ट्रेन शिकागो शहराच्या पश्चिम कडेपर्यंतच यायची. तिथे उतरून प्रवाशांनी 'एल' म्हणजे उन्नत मार्गावरची शहरी लोकल पकडायची. 1905 पासून तिला त्या 'एल'च्या गारफील्ड पार्क मार्गावरून थेट लूपपर्यंत, म्हणजे शहराच्या मध्यवर्ती भागातल्या वेल्स स्ट्रीटच्या टर्मिनलपर्यंत, जायला मिळालं. व्हीटनला बसायचं ते एकदम ऑफिसच्या दारात उतरायचं. जागा सोडायची नाही, डबा बदलायचा नाही. त्या एका गोष्टीवर ही गावं वाढली. शेतांचे प्लॉट पडले, त्यांच्या जाहिरातींत स्टेशनपासूनचं अंतर छापलं जाऊ लागलं. आज आपण ज्या झाडांच्या सावलीतल्या जुन्या घरांची किंमत ऐकून डोळे पांढरे करतो, त्यातली कितीतरी घरं या ट्रेनच्या भरवशावर बांधलेली आहेत.

मी काही ही ट्रेन म्हणजे स्वर्ग होता असं सांगणार नाही. 1920 च्या दशकात तिच्यावर पैसा खर्च झाला, मग ती सॅम्युअल इन्सल या वीजसम्राटाच्या हाती गेली. त्याच्याच छत्राखाली मिलवॉकीला जाणारी नॉर्थ शोअर लाइन होती आणि इंडियानातल्या साउथ बेंडला जाणारी साउथ शोअर लाइन होती. मंदीत इन्सलचा डोलारा कोसळला आणि आपली रेल्वे दिवाळखोरीत गेली, त्यातून सावरायला तिला 1946 उजाडलं. मधल्या काळात, 1945 मध्ये, दहा नवे डबे आले, सेंट लुइस कार कंपनीने बांधलेले. ते सोडले तर सगळा जुना माल. 1902 सालचे लाकडी डबे पन्नास वर्षांनंतरही गर्दीच्या वेळी जुंपले जात होते. महायुद्धानंतर प्रत्येकाच्या अंगणात मोटार आली, दुपारच्या आणि रविवारच्या ट्रेनमधली गर्दी ओसरली. नफा नव्हता. हे सगळं खरं आहे, आणि तुमच्यातले हिशेबी लोक इथे मान डोलावतील हेही मला ठाऊक आहे. पण जरा थांबा.

नफा नसलेली ही ट्रेन सकाळ-संध्याकाळ भरून जात होती. तिला मारलं ते एका रस्त्याने. अधिक नेमकं सांगायचं तर रस्ता बांधताना केलेल्या 'तात्पुरत्या' सोयीने.

तो रस्ता म्हणजे काँग्रेस स्ट्रीट एक्स्प्रेसवे, आजचा आयझनहॉवर, आपला रोजचा 290. गारफील्ड पार्कचा उन्नत मार्ग नेमका त्याच्या वाटेत येत होता, तो पाडायचा होता. आखणी करणारे रेल्वेचे दुष्मन नव्हते, हे आवर्जून सांगायला हवं. उलट महामार्गाच्या मधोमध रेल्वेसाठी जागा राखून ठेवणं ही त्या काळात मोठी नवलाई होती, आणि शिकागोने ती केली. आज शहरी लोकलची ब्ल्यू लाइन तिथूनच धावते. प्रश्न मधल्या वर्षांचा होता. जुना मार्ग पाडायचा आणि नवा तयार व्हायचा, या दरम्यान ट्रेन कुठून जाणार? उत्तर असं निघालं की व्हॅन ब्युरन स्ट्रीटवर, जमिनीवर, तात्पुरते रूळ टाकायचे. वाटेत आडवे रस्ते, सिग्नल, ट्रक. शहरी लोकल चालवणारी शिकागो ट्रान्झिट अथॉरिटी म्हणजे सीटीए तिथून रखडत जायला तयार झाली. सीटीए ही सार्वजनिक संस्था होती. आपली रेल्वे खासगी. तिने नकार दिला: आमच्या लांब ट्रेन, आमचा वेळ आणि सुरक्षितता यांत हे बसत नाही.

मग 20 सप्टेंबर 1953 पासून ट्रेन फॉरेस्ट पार्कच्या डेस प्लेन्स अॅव्हेन्यूला थांबू लागली. पुढे जायचं तर तिथे उतरा आणि पलीकडे उभी असलेली सीटीएची ट्रेन पकडा, जी व्हॅन ब्युरनच्या सिग्नलांवर थबकत थबकत लूपला पोहोचणार. घड्याळाचे काटे अठ्ठेचाळीस वर्षं मागे फिरले.

आपल्याकडच्या माणसाला हे एका वाक्यात समजेल. डेक्कन क्वीन उद्यापासून कल्याणला थांबेल, पुढे सीएसएमटीला जायला लोकल पकडा, असं जाहीर झालं तर तिचे पासधारक किती दिवस टिकतील? आणि सहा महिन्यांनी कोणी साहेब मोकळी आसनं मोजून म्हणाला की पुणेकरांना ही ट्रेन नकोच आहे, तर त्याला आपण काय म्हणू?

इथे नेमकं तेच झालं. काही महिन्यांत निम्मे प्रवासी निघून गेले. ते मोटारीकडे गेले असं समजू नका. बरेचसे गेले शेजारच्या शिकागो अँड नॉर्थ वेस्टर्नच्या ट्रेनने. ती याच गावांतून जात होती आणि थेट शहराच्या मध्याजवळ पोहोचवत होती. आजची मेट्राची, म्हणजे उपनगरी रेल्वेची, युनियन पॅसिफिक वेस्ट लाइन ती हीच. म्हणजे ट्रेनने जाणारी माणसं होतीच, त्यांना ट्रेनच हवी होती, फक्त मध्येच उतरवणारी नको होती. हा एवढाच फरक 'रिकामी ट्रेन' या दोन शब्दांत झाकला जातो. ट्रेन रिकामी सापडत नाही, ती रिकामी केली जाते, आणि मग तिची मोजदाद होते.

या हिशेबाची दुसरी बाजूही बघा. एक्स्प्रेसवे सार्वजनिक पैशातून उभा राहिला. त्या रस्त्याने वर्षाला किती नफा कमावला, असं कोणी विचारलं नाही, आजही विचारत नाही. रेल्वे कंपनी मात्र आपल्या जमिनीवर, आपल्या स्टेशनांवर कर भरत होती, रूळ स्वतःच्या खिशातून दुरुस्त करत होती, आणि तिकिटाचे दर वाढवायचे तर राज्याच्या आयोगापुढे हात जोडून उभी राहत होती. या दोघांत स्पर्धा झाली आणि मोटार जिंकली असं आपण सहज म्हणतो. एकाला मैदान फुकट, दुसऱ्याकडून मैदानाचं भाडं. ती कसली डोंबलाची स्पर्धा!

1953 नंतरची चार वर्षं नुसती घसरगुंडी होती. कंपनी सेवा बंद करायची परवानगी मागत राहिली, प्रवासी आणि गावं अडवत राहिली, मामला आयोग आणि कोर्टांत फिरत राहिला. नव्या मध्यमार्गाचं काम पूर्ण झाल्यावर ट्रेन पुन्हा लूपला जाईल अशी आशा लोकांना होती. पण नवा मार्ग शहरात शिरताना भुयारात जाणार होता, आणि या लांब पल्ल्याच्या ट्रेनला उभं राहायला तिथे टर्मिनल नव्हतं. वेल्स स्ट्रीटचं टर्मिनल हातचं गेलं होतं. परत येऊ म्हणून घर सोडलेल्या माणसाची खोलीच कोणी भाड्याने देऊन टाकावी, तशातली गत.

मग आला 3 जुलै 1957, बुधवार. दुसऱ्या दिवशी चार जुलैची सुट्टी. सकाळी नेहमीप्रमाणे ट्रेन भरून फॉरेस्ट पार्कला गेल्या, लोक पुढे ऑफिसांना गेले. कोर्टाने सेवा चालू ठेवण्याचा तात्पुरता हुकूम उठवला. कंपनीने क्षणाचाही विलंब लावला नाही. दुपारी बाराच्या सुमारास प्रवासी ट्रेन थांबवल्या. संध्याकाळ नाही, आठवड्याचा शेवट नाही, महिन्याचा पास संपेपर्यंतही नाही. भर दुपारी. सकाळी गेलेली हजारो माणसं संध्याकाळी सुट्टीच्या घाईत फॉरेस्ट पार्कला उतरली, तेव्हा पलीकडच्या फलाटावर ट्रेन नव्हती. तेव्हा मोबाइल नव्हते. घरी फोन करायला टेलिफोन बूथसमोर लागलेल्या रांगेचा विचार करा. कुणी शेजाऱ्याच्या मोटारीत कोंबून गेलं, कुणी जमेल त्या बसने. हातात पास होता.

मुंबईची शेवटची ट्राम 31 मार्च 1964 च्या रात्री धावली तेव्हा रस्त्याच्या दुतर्फा माणसं लोटली होती. निरोपाने काही वाचत नाही, हे कबूल. पण निदान शेवटची ट्राम शेवटची आहे हे आत बसलेल्याला माहीत तरी होतं.

प्रवासी वाहतूक बंद झाल्यावरही ट्रेन परत आणायच्या हालचाली झाल्या, बैठका झाल्या, कागद रंगले. पैसे कोणी द्यायचे, यावर घोडं अडलं. 22 जून 1958 रोजी एक्स्प्रेसवेच्या मधला नवा रेल्वेमार्ग सुरू झाला. म्हणजे आपली ट्रेन बंद पडून वर्षही उलटलं नव्हतं. जिच्यासाठी पाच वर्षं कळ काढायची होती, ती सोय तयार झाली, आणि तिचा लाभ घ्यायला ट्रेन उरली नव्हती. मालवाहतूक 1959 पर्यंत रेटली, 1961 मध्ये कायदेशीर तिलांजली. रूळ उचलले, तांबं विकलं. त्या एक्स्प्रेसवेवर हिलसाइडच्या जोडापाशी नंतर अशी कोंडी होऊ लागली की रेडिओवाल्यांनी तिला गळा आवळणाऱ्याचं नाव दिलं. आपल्यातली जुनी मंडळी तिथे किती संध्याकाळी अडकली असतील, त्याची गणतीच नाही.

इन्सलच्या बाकीच्या दोन रेल्वेंचं काय झालं, तेही थोडक्यात सांगतो, कारण खरा धडा तिथे आहे.

मिलवॉकीची नॉर्थ शोअर लाइन दिमाखदार. तिच्या 1941 च्या 'इलेक्ट्रोलायनर' ट्रेनमध्ये खानपानाचा डबा असायचा. तीही मोटारींच्या आणि एडन्स एक्स्प्रेसवेच्या माऱ्यापुढे 21 जानेवारी 1963 च्या पहाटे, हाडं गोठवणाऱ्या थंडीत बंद पडली. पण पुढची गंमत ऐका. तिच्याच रुळांचा पाचेक मैलांचा तुकडा घेऊन सीटीएने 20 एप्रिल 1964 रोजी 'स्कोकी स्विफ्ट' सुरू केली, केंद्र सरकारच्या मदतीने, प्रयोग म्हणून. पहिल्या दिवसापासून लोकांनी अपेक्षेच्या कितीतरी पट गर्दी केली. तेच रूळ, तीच गावं, सव्वा वर्षापूर्वी ज्यांना ट्रेन नको होती असं म्हणतात तीच माणसं. ती आजची यलो लाइन. स्कोकीला राहणारे आपले लोक अजून तिने जातात.

आणि साउथ शोअर लाइन. 1908 पासून धावणारी, शिकागो ते साउथ बेंड, नव्वदेक मैल. देशातल्या जुन्या इंटरअर्बनांपैकी ही तेवढी तगली. (तिची वीज 1500 व्होल्ट डीसी, मुंबईच्या लोकलने 1925 पासून कित्येक दशकं वापरली तीच. रेल्वेवेड्यांनी नोंद घ्यावी, इतरांनी सोडून द्यावं.) 1976 मध्ये तिच्या मालक कंपनीनेही प्रवासी सेवा बंद करायला परवानगी मागितली. तोटा, मोटारी, जुने डबे, कारणं तीच. फरक इतकाच की या वेळी प्रवासी उठून उभे राहिले. 'सेव्ह अवर साउथ शोअर' नावाने लोक एकत्र आले, सुनावण्यांना गेले, आमदारांच्या मागे लागले. केंद्राच्या आयोगाने राज्याला मुदत दिली आणि 1977 मध्ये इंडियानाने चार काउंट्यांची, म्हणजे जिल्ह्यांची, मिळून एक सार्वजनिक संस्था उभी केली. 1982 मध्ये जपानहून नवे डबे आले. 2024 मध्ये गॅरी ते मिशिगन सिटी दुहेरी मार्ग पूर्ण झाला. जी 1976 मध्ये 'रिकामी' होती, तिला आता एकेरी मार्ग पुरेना.

म्हणजे एकाच मालकाच्या, एकाच घडणीच्या तीन रेल्वे. एक कापून मारली, एक मेल्यावर तिचा तुकडा जिवंत केला, एक माणसांनी धरून ठेवली. प्रवाशांची संख्या तिन्हीकडे घसरली होती. वेगळं होतं ते सुनावणीच्या खोलीत कोण बसलं होतं, आणि मधल्या वर्षांचा तोटा उचलायला कोणी सार्वजनिक संस्था होती की नाही, हे.

तशी संस्था आपल्याकडे आली 1974 मध्ये. रीजनल ट्रान्सपोर्टेशन अथॉरिटी, आरटीए, सहा काउंट्यांत जनमत घेऊन, थोडक्या मतांनी. शहराने बाजूने कौल दिला, उपनगरांचं बहुमत विरोधात होतं. 1957 च्या जुलैत फॉरेस्ट पार्कला ताटकळलेल्या गावांनी सतरा वर्षांनी 'आम्हाला याचं काय' म्हणावं, याचं मला राहून राहून नवल वाटतं. आता त्याच आरटीएच्या जागी नव्या कायद्याने नॉर्दर्न इलिनॉय ट्रान्झिट अथॉरिटी येते आहे, आणि या वेळी 'आम्हाला याचं काय' म्हणणाऱ्यांत आपणही आहोत.

आपल्याला याचं काय, ते सांगतो. आपल्यातले पहिले लोक इथे आले ते नेपरव्हिलच्या बेल लॅब्ससारख्या ठिकाणी इंजिनियर म्हणून. ऑफिस उपनगरात, घर उपनगरात, दोन मोटारी दारात. ट्रेनशी संबंध यायचं कारणच नव्हतं. आज चित्र वेगळं आहे. मुलगी शहरातल्या युनिव्हर्सिटीत शिकते आणि शनिवारी घरी येते. हायब्रिड नोकरीत आठवड्यातून तीन दिवस लूपला जावं लागतं आणि तिथलं पार्किंग परवडत नाही. ज्यांनी तीस-पस्तीस वर्षं मोटार हाकली, त्यांच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरतोय. आणि भारतातून आलेले आईवडील! ज्या बाईने आयुष्यभर एसटीने, पीएमटीने, लोकलने एकटीने प्रवास केला, अख्खा संसार पिशवीतून वाहून आणला, ती बाई इथे सोमवार ते शुक्रवार खिडकीशी बसून मुलगा कधी येतो याची वाट बघते. ऑरोराच्या बालाजी मंदिरात जायचं तरी कुणाची तरी विनवणी करायची. आपण तिला आयपॅडवर मालिका लावून देतो आणि वाटतं, आई मजेत आहे. तिच्या दृष्टीने या गावात ट्रेन रिकामी आहे की भरलेली, हा प्रश्न पुढचा. आधी घरापासून स्टेशनपर्यंत जायला पदपथ आहे का, तिथे नेणारी बस आहे का, आणि ती बस ट्रेनच्या वेळेला जुळते का? नसेल, तर ती स्टेशनवर दिसणार नाही. आणि कोणीतरी नोंद करेल: प्रवासी नाहीत.

तुमचा प्रतिवाद मला माहीत आहे. सगळ्याच ट्रेन भरतील का? नाही भरणार. काही मार्गांवर दुपारी ट्रेनपेक्षा छोटी बस शहाणपणाची ठरेल, हे मीही म्हणेन. पैसा वाया जातो का? जातो, आणि तो कुठे जातो हे नव्या संस्थेला विचारायलाच हवं. पण ते विचारायला तिथे जावं लागतं. ग्रुपवर अंगठा दाखवून ते होत नाही.

कुणी म्हणेल, एका पत्राने काय होणार? तुम्ही रोज ज्या वाटेवर चालता ती वाट एका पत्रातून निघालेली आहे. मे थिलगार्ड वॉट्स या मॉर्टन आर्बोरेटम या वृक्षोद्यानातल्या निसर्ग-अभ्यासक बाई. सप्टेंबर 1963 च्या अखेरीस त्यांनी शिकागो ट्रिब्यूनच्या संपादकांना लिहिलं की बुलडोझर यायच्या आत या ओसाड रेल्वेच्या जागेची पायवाट करा. मग काही लोक जमले, संस्था झाली, 1966 मध्ये ड्युपेज काउंटीने जागा वापरू दिली, स्वयंसेवकांनी झुडपं तोडली, पूल टाकले. आज ती साठेक मैलांची आहे. तिथे पुन्हा रूळ टाका असं मी मुळीच म्हणत नाही. वाट झाली ती छानच झाली. मात्र रेल्वे गेल्यावर पत्र लिहिणाऱ्या बाई निघाल्या तशा ती जायच्या आधी पुरेशा निघाल्या नाहीत.

तर माझी विनंती साधी आहे. नव्या संस्थेच्या सुनावण्या होतील, वेळापत्रकांवर सूचना मागवल्या जातील. त्यात आपल्यातले दहा-वीस जण तरी असू द्या. करावर नाराज असाल तर तेही बोला, पण त्याबरोबर मागणी करा: संध्याकाळी सातनंतर दोन ट्रेनमधलं अंतर कमी करा, बस ट्रेनच्या वेळेला जुळवा, ज्येष्ठांना स्टेशनपर्यंत पदपथ द्या. आणि कुठेही 'तात्पुरती' सेवा तोडण्याचा, मध्येच उतरून दुसरी पकडण्याचा प्रस्ताव दिसला, तर पहिला प्रश्न हा विचारा की पूर्ववत कधी, आणि ते लेखी कुठे आहे. 1953 मध्ये हा प्रश्न पुरेशा जोरात विचारला गेला नाही.

उन्हाळ्यात मी काही जणांना घेऊन साउथ एल्गिनच्या फॉक्स रिव्हर ट्रॉली म्युझियमला जाणार आहे. या रेल्वेचा 1902 सालचा वीस नंबरचा डबा तिथे आहे. ज्यांना 'रिकाम्या ट्रेन'वर माझ्याशी वाद घालायचा असेल त्यांनी जरूर यावं, थालीपीठं आणि लोणी माझ्याकडून. सुनावणीत काय बोलावं हे ज्यांना सुचत नसेल त्यांनीही सांगा, दोघातिघांनी बसून मजकूर तयार करू. बोलायला तीनच मिनिटं मिळतात, आणि आपल्याला प्रस्तावनेतच पाच लागतात, तेव्हा सराव करायला लागेल.

कळावे, लोभ असावा.

आपला,
लोम्बार्डचा एक शेजारी आणि रोजचा प्रवासी